दुधीच्या वेलाखालची वाडी

प्रिय बद्रुद्दीन मामू,

खालापुराहून तुमच्या भाचीचा, नाजनीनचा सलाम. गुडघे कसे आहेत? मामींची साखर उतरली असेल तर अल्लाची मेहेरबानी, आणि चढली असेल तर कुंभिवली नाक्यावरच्या जिलबीची. पत्र अशासाठी, की फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही "रेंज नाय गं" म्हणता (आणि टॉवर तुमच्या समोरच उभा आहे). घाबरू नका, मला काही मागायचं नाही. गंमत तेवढी सांगायची आहे.

सध्या मी नकाशे भरते. कागदावर नाही, ऑनलाइन. एका संस्थेनं शिकवलं. उपग्रहानं वरून काढलेल्या फोटोत घर शोधायचं, त्याभोवती चौकोन काढायचा, मग डोंगर किती जवळ, ओढा किती जवळ, ते भरायचं. रंग नकाशा स्वतःच देतो. लाल म्हणजे दरडीचा नाहीतर पुराचा मोठा धोका. मला तर नादच लागलाय! इकडे तव्यावर भाकरी करपते आणि मी (घरबसल्या) पळसदरीच्या धरणावर फिरत असते. तिथल्या फार्महाउसांचे पोहायचे निळे तलाव मी पहिल्याच दिवशी पुराचं पाणी म्हणून भरले. सगळे बंगलेवाले एका झटक्यात लाल!

पण खरा गोंधळ झाला उंबरवाडीचा. डोंगराच्या पायथ्याची ती ठाकर आदिवासींची वाडी. आपल्याकडे रानभाज्या घेऊन येणारी जना तिथलीच. नकाशात तिथे एकही घर नाही, नुसतं हिरवं रान. माणसंच नाहीत तर धोका कुणाला, असं म्हणून नकाशा मोकळा. दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी आपण विसरलेलो नाही, मामू. नकाशात नसलेल्या वाडीला पावसात हलवायला कोण येणार? जनाला बोलावून मोबाईल दाखवला. तिनं बराच वेळ त्यात स्वतःलाच शोधलं, सापडली नाही म्हणून रागावली, मग म्हणाली, "अगं, ह्यो आमचा दुधीचा वेल. घरं त्याच्या खाली हायत." पावसाळ्यात ही मंडळी छपरावर वेल चढवतात, आणि फोटो नेमका तेव्हाचा.

इथं मी शहाणपणा केला. सांगितलं, वेलांवर रंगीत काहीतरी पसरा, म्हणजे वरून दिसेल. उघडीप मिळताच वाडीभर लुगडी, गोधड्या, निवडणुकीचे बॅनर! जनाचा नवरा जैतू तर लग्नातला शर्ट घालून छपरावर दुधीशेजारी बसला, दिवसभर आभाळाकडे बघत (हसावं की नको, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं). संध्याकाळी संस्थेतून कळलं, की फोटो जुनाच आहे आणि नवा काही सांगून काढत नाहीत. जैतू अजून माझ्याशी बोलत नाही. शेवटी मी आणि जना दारोदार फिरून प्रत्येक उंबऱ्यावर उभ्या राहिलो आणि मोबाईलवर एकेक घर टिपलं. उंबरवाडी नकाशावर आली, ती लालभडक. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या, आणि मग टाळ्या कशाला वाजवतोय ते कळून हात खाली घेतले.

मामींना सलाम, अकरमला दुआ.

तुमची सगळ्यात लाडकी (हे मीच ठरवलंय) भाची,
नाजनीन

ता. क. – घर लाल झालं की नकाशा विचारतो, वेळ आली तर ही माणसं जाणार कुठे? वाडीची शाळा गळते. म्हणून त्या रकान्यात मी तुमचा चढावरचा लग्नाचा हॉल भरून टाकला. तुम्हाला विचारायचं तेवढं राहिलं. पाऊस जाईपर्यंत एक चावी जैतूकडे असू द्या. भाड्याचा विषय काढू नका, तो रागावलेला आहे.

ता. क. दुसरा – नाही म्हणायच्या आधी एवढं वाचा. हातासरशी मी तुमची कुंभिवलीही भरली. ओढ्याकाठचं एक घर वाडीइतकंच लाल आलंय, आणि त्याच्या अंगणात तुमची पांढरी जीप उभी आहे. पाणी चढायला लागलं तर सामान आवरत बसू नका, मामींना घेऊन सरळ हॉलवर जा. दार जैतू उघडेल.