वारा पाठीमागून होता

पौषातला रविवार, दिवेलागण

आज गायरानात हरणं पार दहा पावलांवर आली. फोटो काढायचंच विसरलो. मंग ध्यानात आलं, वारा माझ्या पाठीमागून होता, बराबर त्यांच्या तोंडावर. तरी एकानंबी मान वर केली न्हाई. असं कसं? माझा तरी वास आला असंल ना?

पूर्वी किती खटाटोप! अंगाला साबण न्हाई, डोक्याला तेल न्हाई, खाकी सदरा कडुलिंबाच्या पाल्यात ठेवायचा, चिमूटभर माती सोडून वारा बघायचा. तरी पळायची. घरी येऊन सुमनवर चिडायचो, "तुझ्या लसणाच्या फोडणीचा वास लागतो सदऱ्याला!"

"मंग जेवायलाबी हरणाकडंच जावा," म्हणायची.

तिला जाऊन दीड वर्ष झालं. डबा घनसावंगीच्या खानावळीतून येतो. गॅस फक्त चहापुरता पेटतो.

परत आल्यावर सदरा नाकाशी धरला. कशाचाच वास न्हाई.

शेजारून लसणाच्या चार पाकळ्या मागून आणल्या. भाजी कसलीच नव्हती. कढईत तेल तापवून लसूण टाकला, अन् सदरा वर धरून उभा राह्यलो, लसूण करपेपर्यंत.