गोंधळाचं आवतन

४ मे २०२५
माकणीला पोचले. हे माझं सासर. ऊन डोकं फोडतंय, पण मी मजेत आहे. माझ्या नवऱ्याने, योगीराजने, मागच्या खोलीत माझ्यासाठी टेबल मांडून ठेवलंय आणि खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं. जगभरातल्या पाताळदेवतांवरचा माझा प्रबंध इथंच पुरा करायचा. माझ्या सासूबाई, दगडाबाई, यांनी विचारलं, राजेश्वरी, तू लिहितीस तरी काय? म्हटलं, मेल्यावर माणूस कुठं जातो असं कोण कोण मानतं, ते. त्या म्हणाल्या, लई अवघड काम हाय, आदी भाकर खा. त्यांचा लेक हसून हसून लाल झाला. मला हे घर आवडलं.

६ मे
दिवस मावळताना बब्रुवान गोंधळी संबळ घेऊन आले. लग्नानंतर घरी गोंधळ घालावाच लागतो. चौक मांडला, दिवटी पेटली आणि ते एकेका देवाला गाव आणि नाव घेऊन बोलावू लागले. तुळजापूरची भवानी, येरमाळ्याची येडेश्वरी, अशी किती तरी. कुणी राहायला नको म्हणून शेवटी त्यांनी विचारलं, अजून कोन ऱ्हायलं का? योगीराजने मला कोपरानं ढोसलं, तुझे पाताळातले राहिले की. मी काय मागं हटतेय? ग्रीकांचा हेडीस, उत्तर युरोपातली हेल आणि सुमेरची एरेश्किगल, तिघांनाही ठसक्यात गोंधळाला या म्हणून सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बब्रुवानकाका तेवढे हसले नाहीत.

शेवटी प्रत्येक देवाला पुन्हा गाव-नाव घेऊन निरोप देतात. तेव्हा मी आत चहा टाकत होते. माझ्या तिघांची नावं काकांना काही घेता आली नाहीत. दिवटी दुधात विझवली आणि पंगत बसली.

८ मे
दुपारी सगळं गाव दारं लोटून झोपतं. उठल्यावर सासूबाई म्हणाल्या, एक बाई पाणी मागून गेली, वळख न्हाय. अर्धं तोंड पदरात आन् हात निळा. म्हटलं, गोंदवलं असेल. हेलचं अर्धं अंग जिवंत बाईचं आणि अर्धं निळं, मढ्याचं असतं, हे त्यांना कशाला सांगू? मला मात्र झोप लागणार नाही.

९ मे
भर दुपारी मागच्या खोलीत कुणीतरी कण्हत होतं. आई गं पोट, आई गं पाठ, असं. दार उघडलं तर टेबल, पंखा, माझे कागद. बाकी कुणी नाही. एरेश्किगल पाताळात अशीच कण्हत पडलेली असते. हे मीच लिहिलंय. त्या खोलीत आता जाणार नाही.

१० मे
बब्रुवानकाकांकडे गेले. ते म्हणाले, आवतन दिलं, निरोप दिला न्हाय, आता त्ये तुमचे सोयरे झाले. आत्ता निरोप द्या म्हणून मी विनवलं. दिवटी इझल्यावर न्हाय जमत, म्हणाले. आता नव्या जोडप्याला ते उलट जेवायला बोलावतील. जाऊ नका, असंही त्यांनीच बजावलं.

कितीतरी पाताळांचा कायदा एकच आहे. तिथला घास पोटात गेला की माणूस तिथलाच.

योगीराजला सांगितलं. तो हसला. आपल्याकडं जेवणाला नको म्हटलं की माणसं तुटतात, म्हणाला. मी रडले. शपथ घातली. मग बरं, न्हाय जात म्हणाला. मला तो हवाय. दुसरं काही नको.

१२ मे
तो लोहाऱ्याला दुकानावर गेलाय. फोन लागत नाही. सासूबाई भावकीत गेल्यात. ओसरीवर अनोळखी चपला आहेत. बसलेलं कुणीच नाही —

१२ मे, दुपार
आला. जेवायला वाढू का विचारलं. भूक नाही म्हणाला.

वाटेत सोयरे भेटले. आपल्या गोंधळाला आले होते म्हणे. आग्रह लई, एक घास तरी म्हणून — घर कुठं त्यांचं? धरणाच्या पाण्याकडं बोट केलं. पायऱ्या हैत, खाली उतरायच्या.

एवढ्या उन्हातून आला आणि घाम नाही. हात गार.

डबा आणलाय. माझ्यासाठी. हेडीसने पळवलेल्या पोरीला खायला घातले होते तेच — डाळिंबाचे दाणे.

ऊन उतरायच्या आत परत जायचंय म्हणतो. मी यायलाच पाहिजे असं काही नाही म्हणाला. म्हणजे एकटाच —

समोर बसलाय. लग्नातल्यासारखं, नाव घे म्हणतो. घास माझ्या तोंडाशी धरलाय. मला भीती वाटतेय, फार भीती — पण डोळे अजून त्याचेच आहेत — पाणी आलंय त्यांत — मी नाही म्हटलं तर तो तिथं कुणाच्या सोबतीनं —

नाव घेतलं, घास घेतला. आता