मन नदीकाठचा द्राक्षमळा आणि तीन बरण्या

मी, उत्तमराव नत्थुजी अढाऊ, बी. ए., वय एकसष्ट वर्षे, पूर्वी अकोल्यास शिक्षक, हल्ली वस्ती बाळापूर, जिल्हा अकोला, प्रांत वऱ्हाड, माझ्या पश्चात मालमत्तेवरून कोणाच्या मनात किंतु राहू नये म्हणून हा लेख स्वहस्ते लिहितो. प्रकृती ठीक आहे, बुद्धी जागेवर आहे, आणि माझ्यावर कोणाचा धाक अथवा भीड नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्याआधी पत्नी माणिकबाई जाईल, असा विचार मी कधी केला नव्हता.

कलम १. बाळापूर येथील राहते घर चिरंजीव गोवर्धन, वकील, अमरावती, यास द्यावे. त्याने ते विकले तरी माझी हरकत नाही. मात्र मागील ओसरीचे छप्पर गळते, हे घेणाऱ्यास आधी सांगावे.

कलम २. टपाल कचेरीतील शिल्लक गोवर्धन व कन्या सौ. वच्छला यांनी सारखी वाटून घ्यावी. आईचे दागिने वच्छलेचे. बैलजोडी व मळ्यातील सर्व हत्यारे पुंजाराम यास द्यावीत. तो मळ्यात पहिल्या दिवसापासून कामास आहे.

कलम ३. मन नदीकाठचा दोन एकरांचा द्राक्षमळा, विहीर व मोटेसह, वच्छला, वस्ती मूर्तिजापूर, हिला द्यावा. ही जमीन मी पगारातून घेतली, वडिलोपार्जित नाही. सबब ती कोणास द्यावी हा प्रश्न माझा एकट्याचा आहे. खरे पाहता जमीन माझी आणि मळा माणिकबाईचा. तिचे माहेर फळबागेचे. तिने ओळीने पांगारे लावून त्यांवर वेली चढविल्या, तेव्हा शेजारचे वामनराव धुऱ्यावर, म्हणजे आमच्या सामाईक बांधावर, उभे राहून म्हणाले होते, "मास्तर, कपाशीच्या मुलखात अंगूर लावून राहिले! माकडंबी तोंड लावनार नाहीत."

माणिकबाईने पदर सावरून उत्तर दिले, "तुमी तर लावसान ना, भाऊजी? मंग झालं."

तिची बोली मी कधी दुरुस्त केली नाही. या कागदावरही करीत नाही.

वच्छलेच्या माहितीकरिता लिहितो की, दसऱ्यानंतर वेल छाटावी लागते. छाटल्याखेरीज नवा फुटवा नाही, आणि नव्या फुटव्याखेरीज घड नाही. परंतु दिवस चुकला तर वर्ष जाते. लवकर छाटावे तर परतीचा पाऊस कोवळ्या फुलोऱ्यावर पडतो. उशिरा छाटावे तर घड भरता भरता फाल्गुनातली गार गाठते. तो दिवस माणिकबाई ठरवीत असे. मी वर्तमानपत्रातील हवामान वाचून दाखवी. ती शांतपणे ऐकून घेई आणि मग अंगणात जाऊन आभाळ पाही.

कलम ४. विकून उरलेल्या द्राक्षांचे ती दरवर्षी आसव घालीत असे. द्राक्षे चुरून त्यांत गूळ व रस आंबण्यासाठी मेळघाटातून आणविलेली धायटीची फुले घालावयाची, आणि बरणीचे तोंड कपडमातीने बंद करून ती महिनाभर जोंधळ्याच्या कणगीत पुरावयाची. अबकारी खात्याच्या समाधानासाठी नमूद करतो की हे औषध आहे व त्याची विक्री कधीही झालेली नाही. बरण्या तीन शिल्लक आहेत.

पहिली, सन १९२९ ची. त्या वर्षी थंडी रेंगाळली, घड सावकाश पिकले, रस आंबट निघाला. आसव प्रथम कोणास आवडले नाही. आज ते घरातील सर्वोत्तम आहे. ही बरणी गोवर्धनास. त्याचाही राग उशिरा निवळतो.

दुसरी, त्यापुढील सालची. ऐन गोडी भरण्याच्या दिवसांत ढग हटेनात, अवकाळी पाऊस झाला, मणी पाण्याने फुगले. आसव पातळ आणि किंचित तुरट. यातील एक बाटली वामनरावांस द्यावी, म्हणजे त्यांचे भाकीत एका वर्षापुरते तरी खरे होते हे त्यांना कळेल. धुऱ्याच्या वादात मी एक वीतही सोडलेली नाही. तथापि माणिकबाईस अकोल्याच्या इस्पितळात न्यावयाचे होते त्या पहाटे त्यांची दमणी, बैल जुंपून, न मागता दारात उभी होती. म्हणून दोन बाटल्या द्याव्यात.

तिसरी, सन १९३२ ची, गारपिटीची. तोडणीला चार दिवस असताना मळा झोडपला गेला. चिखलात पडलेले घड पाहून मी म्हणालो, "हे सर्व फेकून द्यावे."

ती परडी घेऊन खाली बसलीच होती. "फुटलं म्हून काहून फेकाचं? आसवाले तर फोडाच लागते."

महिन्याने बरणी तिनेच उघडली, बोटाने चाखली आणि "होईन चांगलं" एवढेच म्हणाली. त्याच वर्षी श्रावणात ती गेली. ही बरणी वच्छलेची. ती देवघरात ठेवू नये, प्यावी.

कलम ५. (रद्द. खुलासा खाली.) माणिकबाई गेल्यापासून दोन आश्विन मळ्याला कात्री लागलेली नाही. तिने सुतळीने बांधलेल्या फांद्या तोडा, असे मला म्हणवले नाही. पुंजाराम विचारी, मी "राहू दे" म्हणे. मुलांनीही मान राखला. गोवर्धनने कुंपण घातले, वच्छला येते तेव्हा तेथे दिवा लावते. परिणामी पांगारे भरून पाने आहेत आणि घड एकही नाही. यंदाही असेच गेले तर वेली कायमच्या जातील, असे पुंजारामचे म्हणणे आहे. सबब माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या आश्विनात वच्छलेने, कोणाच्याही भावनेचा मुलाहिजा न ठेवता, सर्व वेली छाटवून घ्याव्यात.

खुलासा. काल सायंकाळी हा मसुदा ओसरीवर वाचून दाखविला. वामनराव साक्षीदार म्हणून सही करावयास आले होते. मी म्हणालो, "आपणांस साक्ष घालता येणार नाही. आपणांस यात वाटा आहे."

"मले? धुरा सोडला काय, मास्तर?"

"दोन बाटल्या आसव."

"हात्तिच्या!" असे म्हणून ते बसून राहिले.

पाचवे कलम वाचून झाल्यावर पुंजाराम पायरीवरून म्हणाला, "म्हंजे तुमी मरेपावतर वेलीनं वाट पाहाची काय, मालक?"

मी कलमाचा हेतू समजावू लागलो. तो म्हणाला, "देव तुमाले शंभर वर्स देवो. पन तवरिक वेल राहीन काय?"

वामनराव म्हणाले, "मरनाची तजवीज करून राहिले, अन् छाटनीले दिवस सापडत नाही?"

मी अंगणात गेलो. आभाळ निरभ्र होते आणि वारा उत्तरेचा होता.

आज सकाळी पहिली कात्री मी स्वतः चालविली. तिने बांधलेली सुतळी कुजून गेली होती. फांदी हात लावताच सुटली. दुपारपर्यंत तीन ओळी झाल्या. कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकते. मी थांबलो, तेव्हा पुंजाराम म्हणाला, "ठिबकू द्या. जित्ती हाये म्हून ठिबकून राह्यली."

सबब पाचव्या कलमाची अंमलबजावणी मी हयातीतच करीत आहे. बाकी सर्व कलमे कायम. खालील सहीचे वळण नेहमीसारखे नाही, याचे कारण सकाळपासून हाती कात्री आहे. अद्याप नऊ ओळी बाकी आहेत, म्हणून येथेच पुरे करतो.

सही: उत्तमराव नत्थुजी अढाऊ

आम्ही दोघे मळ्यात हजर होतो. उत्तमरावांनी सही आमच्या देखत केली व आम्ही त्यांच्या देखत केली.

साक्षीदार: १. देवीदास राघोजी, शिक्षक, बाळापूर
२. महादेवराव तुकारामजी, शेती, बाळापूर

मुक्काम मन नदीकाठचा मळा, बाळापूर
तारीख २४ ऑक्टोबर १९३४