बॅटरीमुक्त पाणगाडी

३ मार्च. आजपासून नियमित रोजनिशी. शोध असा: पाण्याखाली आपोआप बुडून वर येणाऱ्या पाणगाडीच्या पोटात मेण. वरच्या कोमट पाण्यात ते वितळून फुगतं, खालच्या गारठ्यात गोठून आकसतं, त्या ढकलाढकलीवर जनित्र फिरतं. चार्जिंगची कटकट नाही, बॅटरी नाही. साहेबांनी ट्रायल एकच दिली आहे. एक पुष्कळ झाली.

५ मार्च. वर्कशॉपमध्ये टेस्ट. एक पिंप गरम पाण्याचं, एक बर्फाचं. दिवा लागला. फिटरमामा म्हणाले, जुनी बॅटरी असू द्या, अडीनडीला. मी म्हटलं, एक पाय काठावर ठेवून पोहता येत नाही. मामांनी बॅटरी पुसून बाजूला ठेवली. पटलं असावं.

९ मार्च. हिने तिचं ध्वनियंत्र गाडीत बसवायला दिलं. समुद्रतळाचे आवाज टिपतं. तीन वर्षं खपून बनवलंय, दुसरं नाही. देताना दोनदा परत घेतलं. म्हणाली, नीट आण. मी छातीठोकपणे हो म्हटलं.

११ मार्च. सीलबंद गाडीचं वजन हिशेबापेक्षा दोन किलो जास्त. काटा बिघडलाय. फिटरमामांना दुरुस्त करायला सांगितलं. हो म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. वय झालं.

१४ मार्च. ट्रायल खाडीत, बारा मीटर खोलीवर. खोल समुद्रात हरवली तर? सावधपणा माझ्या रक्तात आहे. हिने विचारलं, तळाचं तापमान मोजलंस का? समुद्र खाली थंड असतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. तसं सांगितलं. ही अर्धं जेवण टाकून उठली.

१६ मार्च, सकाळी ९. गाडी पाण्यात. झकास बुडाली.

१०.००. वर यायची वेळ.

१०.२०. मेण सावकाश गोठत असणार.

११.०५. ही धक्क्याचा कठडा धरून उभी आहे. बोटं पांढरी पडलीत. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा मला.

११.४०. दोरीला थर्मामीटर बांधून सोडला. वर अठ्ठावीस, तळाला सत्तावीस. थर्मामीटर बिघडलाय.

१२.१०. दुसरा आणला. तोही सत्तावीस. मेण गोठलेलंच नाही, म्हणजे वर यायला वीजच नाही. माझी पाचावर धारण बसली आहे. तळाला गाळ, वर ओहोटी लागलेली, आणि ठावठिकाणा सांगणारा बीपरही मेणाच्याच विजेवर. हिच्याकडे बघवत नाही.

१२.२५. फिटरमामा हेडफोन लावून होडीत बसलेत. मुक्या गाडीचं काय ऐकतात कोण जाणे.

१.३०. सापडली! बीपर चालू होता. पाणबुड्याने गाळातून उपसून आणली. ध्वनियंत्र ठणठणीत. ही ते मांडीवर घेऊन रडली. मीही, जरा बाजूला जाऊन.

१७ मार्च. गाडी उघडली. शेपटाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली जुनी बॅटरी, बीपरला जोडलेली. वजन दोन किलो.

रिपोर्टमध्ये लिहिलं: सुरक्षेसाठी राखीव बॅटरी ठेवण्यात आली होती. हिने वाचलं आणि समासात पेन्सिलीने विचारलं, कोणी?

तासभर बसलोय. उत्तर एका शब्दाचं आहे. पेन बिघडलंय.