गाताना मी दिसते तरी कशी

अमरावती, ३ डिसेंबर १९३६
आज फोटो. अकोल्याच्या जठारपेठेतल्या लोकांनी मागवला. पोरगा नागपुरात वकिली शिकून राहिला म्हणे. फोटो पसंत पडला तर पाहाले येतील. आईनं मोतिया पातळ काढलं, वहिनीनं स्वतःच्या पाटल्या चढवल्या. करीमचाचाच्या स्टुडिओत मागं रंगवलेलं तळं, तळ्यात हंस. शिकलेल्या पोरीच्या हातात पुस्तक देतात, गाणारीच्या हातात सतार. मले सतार. पाह्यते तर एकही तार नाही!
"चाचा, तारा?"
"बेटी, फोटू में आवाज थोडी आती है."
तशीच घेऊन बसली. बोटं कुठं ठेवावी तेच समजेना.

६ डिसें.
प्रिंट आला. आई खूश. मले हसू. अंजनगावच्या मामेबहिणीचा लग्नाआधीचा फोटो बाजूले ठेवला. तेच तळं, तोच हंस, तीच सतार, मान तेवढीच वाकडी. डोकी बदलली तरी चालेल. अन् ती तर गातही नाही!
मंग डोक्यात आलं, मी गाताना दिसते तरी कशी? रोज तंबोरा घेऊन बसते, पण पाह्यलं कोणी? आरशासमोर करून पाह्यलं. चेहरा पाहाले गेली की सूर सुटते, सूर धरला की चेहऱ्याचं भान जाते.
वहिनीले विचारलं. "भेसूर," म्हणे, अन् भाकर उलटवली.

९ डिसें.
वहिनीले घेऊन परत चाचाकडे. गाताना काढा म्हटलं.
"हिलोगी तो फोटू में भूत आएगा."
नुसता सा लावते, म्हटलं. लांब. सा लागला की मी हलत नाही. चाचा हसला, पण काळ्या कपड्यात शिरला. सतार खाली ठेवली. कॅमेऱ्याचं टोपण निघालं. सा धरला. दम संपत आला तरी चाचा टोपण लावेना, अन् मी सा सोडेना.


१२ डिसें.
दुसरा प्रिंट. तोंड उघडं, गळ्याची शीर वर, कपाळावर आठी. अन् डोळे उघडे! मले वाटे मी मिटते. कोणाशी तरी भांडून राहिली, असं वाटते. सुंदर नाही. पण इतकी हट्टी मी कधीपासून? का गातानाच?
आई: "अव माय! दाढ उपटून राहिले का तुयी? फाड तो!"
बाबा संत्र्याच्या वखारीतून आले. दोन्ही फोटो हातात धरून उभेच. मी म्हटलं, हाच पाठवा. सतारवाली पसंत करतील अन् त्यायच्या घरी ही गाणारी जाईल. मंग म्हणतील, गाणं बंद कर.
"नाही म्हणतील ते," बाबा म्हणे.
"म्हणू द्या."
आई जेवली नाही.

१३ डिसें.
बाबांनी दोन्ही पाठवले. मले विचारलं सुद्धा नाही. आधी राग आला. मंग वाटलं, बरं झालं, कोणता धरतात ते तर समजेल.

२१ डिसें.
अकोल्याहून बाबाचे मित्र निरोप घेऊन आले. पोराच्या आईले सतारवाली पसंत. दुसरा फोटो पोरानं ठेवून घेतला, परतच देत नाही म्हणे. काहून? ते त्यायनं विचारलं नाही. अशी कशी माणसं! पोरानं आपल्या मित्रायले दाखवून हसाले ठेवला? का...
रविवारी येतो म्हणतात. आई आतापासूनच पोहे निवडाले बसली.
बाबाले म्हटलं, "येऊ द्या. पण आधी त्याचा फोटो मागवा. कोटाटोपीतला नको. त्याले जे करावंसं वाटते, ते करतानाचा."
"असं कोणी मागते काय, पोरी?"
"मी मागून राहिली न."
बाबा टोपी घालून निघाले. वखारीकडे का तारऑफिसाकडे, खिडकीतून समजलं नाही.