वंदनेच्या मेणबत्तीचा तुकडा

मुलुंड पूर्व,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मामा,

सविनय जय भीम. मामींनाही जय भीम.

आम्ही इकडे मजेत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता की बाटली खिडकीत ठेवून नुसते तिच्याकडे बघता, ते मामींना विचारीनच. सहदेवची नागपूरची बदली टळली, त्यामुळे तुमच्या जावईबापूंची स्वारी खुशीत आहे. माझ्या आयटीआयमध्ये यंदा फिटरच्या वर्गात सहा मुली आल्यात. पहिल्याच दिवशी त्यांना तुमचं वाक्य ऐकवलं, "कानस पुढे जाताना कापते, मागे येताना उगाच घासू नका." सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. एकीने विचारलं, "मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हटलं, माझ्या मामाच्या.

पत्र बघून मामी घाबरतील. त्यांना सांगा, काही वाईट झालेलं नाही. फोन केला असता, पण तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून मामी स्पीकर लावतात आणि मग अर्धं गाव आपलं बोलणं ऐकतं. शिवाय फोनवर मी विषय बदलते. मागच्या महिन्यात दोनदा बदलला.

मामी सांगत होत्या की शेतातला पंप बंद पडलाय. तुम्ही बांधावर बसून राहता आणि मेहकरहून मिस्त्री बोलावता. गावातली माणसं "खंडू फिटर आलाय मुंबईहून" म्हणून काही ना काही घेऊन येतात, तर त्यांना "माझा हात गेला" असं सांगून परत पाठवता. एकतीस वर्षं विक्रोळीच्या कारखान्यात ज्यांच्या हातावर साहेब लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे, त्यांनी नऊ वर्षं पान्याला हात लावला नाही. मामी हे हसत हसत सांगत होत्या, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

असो. आधी कालची गंमत सांगते.

आमच्या जुन्या गाडीचं पाणी गळत होतं. इंजिनावर जिथे पाण्याचा पाइप येतो ना, तिथल्या झाकणाखालून. म्हटलं, दोन बोल्टचं काम, गॅरेजला कशाला न्यायची? सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. सहदेवला टॉर्च धरायला उभं केलं. पहिला बोल्ट निघाला. दुसरा गंजून घट्ट बसलेला. तेल सोडलं, दहा मिनिटं थांबले. थांबायला हवं होतं तासभर, हे मला माहीत होतं. तुमचा नियम मी दर वर्षी वर्गात सांगते, "बोल्ट अडला की पाना खाली ठेवा आणि चहा घ्या, बोल्ट कुठे पळून जात नाही." आणि दुसरा, "जोर वाढवायला पान्याच्या दांड्याला पाइप लावायचा नाही. पाइप लावला की हाताला बोल्ट कळत नाही."

मी पाइप लावला.

एकदम मऊ लागलं. ते मऊ लागणं तुम्हाला सांगायला नको. मग टक् आवाज झाला आणि बोल्टचं डोकं खाली पडून गाडीच्या चाकाशी गेलं. वाट लागली! सहा मुलींची मॅडम, आणि डोकं तुटलेला बोल्ट.

तेवढ्यात आमच्या सेक्रेटरी सुहासिनीताई फिरायला निघालेल्या, थांबल्या. "काय गं, तुटलं का काही?" मी तोंड उघडायच्या आत सहदेव म्हणाला, "आधीच्या मेकॅनिकने जास्त आवळून ठेवलेला ना ताई, हिचा काय दोष?"

बिचारा माझी बाजू घेत होता. पण मामा, ते ऐकून मी हातातला पाइप खाली ठेवला. कोण तो आधीचा मेकॅनिक? कुठे असेल? त्याच्या नावावर आम्ही पार्किंगमध्ये उभं राहून एक चूक लावली आणि त्याला कधी कळणारही नाही.

मी म्हटलं, "नाही ताई. मी तोडला. पाइप लावून तोडला."

सुहासिनीताई "बरं बरं, फरशीवर तेल सांडू नका" म्हणून गेल्या. मी वर जाऊन चहा टाकला.

खाली आले ती तुमची अवजारांची पेटी घेऊन. झाकण काढल्यावर बोल्टचा बोटाच्या पेराएवढा तुकडा वर राहिला होता, हे नशीबच. बॅटरीची वायर काढली, बाजूला रेतीची बादली ठेवली आणि गॅसच्या बत्तीने तुकड्याच्या भोवती ऊब दिली. मग पेटीच्या तळातला तुमचा तो पत्र्याचा डबा काढला, मेणबत्तीच्या तुकड्यांचा. आठवतं? बुद्धपौर्णिमेला, सहा डिसेंबरला वंदना झाली की विझलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे तुम्ही गोळा करायचात. मामी ओरडायच्या, "वंदनेची मेणबत्ती ग्रीसच्या पेटीत?" तुम्ही म्हणायचात, "उजेड देऊन झाला तिचा. आता कामाला लागू दे."

डब्यात एकच तुकडा उरला होता. तो गरम बोल्टाला टेकवला. मेण वितळलं आणि आट्यांत आत आत शिरत गेलं. मग पक्कड लावली. आधी सोडवायचा नाही, आधी अगदी थोडा आवळायचा, मग थोडा सोडवायचा, परत आवळायचा. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून शिकवलेलं. पाऊण तास. सहदेव टॉर्च धरून होता. आणि मग तो हलला, मामा! केसभर. त्यानंतर आरामात फिरत बाहेर आला, एकही आटा न बिघडता. मी पार्किंगमध्ये बसून रडले. सहदेव म्हणाला, "अगं, निघाला ना? मग रडतेस काय?"

त्याला मी जे सांगितलं ते आता तुम्हाला सांगते. खरं तर आधी तुम्हाला सांगायला हवं होतं.

नऊ वर्षांपूर्वी विक्रोळीच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरच्या धवलभाईंची गाडी तुम्ही दुरुस्त केलीत. पाण्याचा पंप बदललात. मी तुमच्या हाताशी होते. तुम्ही सगळे बोल्ट आवळलेत आणि हात धुवायला वर गेलात. दुसऱ्या दिवशी धवलभाई आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेताना हायवेवर कांजूरपाशी गाडी तापून बंद पडली. पाणी सगळं वाहून गेलेलं, इंजिन खराब. गाडी टो करून आणली. तुम्ही खाली वाकून बघितलंत, तर पंपाचा एक बोल्ट तुटलेला. धवलभाई जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाले, "खंडूभाई, उमर झाली तुमची. आता रहेवा दो, राहू द्या ना!" तुम्ही एवढंच म्हणालात, "जास्त आवळला गेला असेल. हात जड झालाय माझा."

तुमचा हात जड झाला नव्हता. तुम्ही वर गेल्यावर मला पंपाशी पाण्याचा एक थेंब दिसला. पुसायचं सोडून मी पाना उचलला. पाइप लावला. मऊ लागलं आणि तुटलं.

एवढंच नाही. एवढंच असतं तर कदाचित तेव्हाच बोलले असते. तुटलेलं डोकं मी गॅस्केटची पेस्ट लावून परत जागेवर बसवलं. वरून कळू नये म्हणून. तुम्ही खाली येऊन विचारलंत, "झालं ना सगळं?" आणि मी म्हटलं, "झालं." ते डोकं हायवेवर कुठेतरी पडलं असेल, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

धवलभाई बोलत होते तेव्हा मी चार पायऱ्या वर उभी होते. गप्प का राहिले? पुढच्या आठवड्यात माझी आयटीआयच्या नोकरीची मुलाखत होती, हे एक. पण खरं कारण वेगळं. तुम्ही बिल्डिंगभर सांगत फिरायचात, "माझी भाची माझ्यापेक्षा सफाईने काम करते." मला ते वाक्य गमवायचं नव्हतं. बाबा गेल्यावर तुम्ही आईला आणि मला दोन खोल्यांत जागा दिलीत, शिकवलंत, सगळे हसत असताना मुलीच्या हातात पाना दिलात. आणि मी स्वतःची शाबासकी वाचवायला तुमचा हात घालवला. महिन्याभरात तुम्ही रिटायर झालात, गावी निघालात आणि पेटी मला दिलीत. "माझ्या हाताला आता भरवसा नाही, तुझ्याकडे राहू दे." मी ती घेतली. मामा, मी ती घेतली!

आज मी जे काही आहे, ते त्या पेटीवर. दर महिन्याचा पगार, वर्गातलं "मॅडम", कालचा तो बोल्टसुद्धा. काल माझा हात नव्हताच तिथे, तुमचाच होता. मला खात्री आहे, कारण माझा हात पाइप लावतो.

धवलभाई आता घाटकोपरला राहतात. सकाळी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "खंडूभाईंना माझा नमस्कार सांग. नाही, नंबर दे, मीच सांगतो." मी म्हटलं, चार-पाच दिवस थांबा, आधी माझं पत्र पोचू दे. फोन येईल त्यांचा. मामींना स्पीकर लावू द्या त्या वेळी. अर्ध्या गावाने ऐकलं तर बरंच.

शनिवारी मी गाडी घेऊन निघते आहे. नवे बोल्ट बसवले, गळती थांबली आहे, तेवढा प्रवास सहज होईल. पेटी बरोबर आणते. एक पानाही हरवलेला नाही, फक्त मेणबत्तीचा डबा रिकामा आहे. मामींना सांगा, यंदा सहा डिसेंबरचे तुकडे टाकू नका.

मला घरात घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. रागावलात तर अंगणात बसेन, मला चालेल. पण मेहकरच्या मिस्त्रीला नका बोलावू. पंप तुम्ही उघडा. मी टॉर्च धरते, आणि या वेळी तुम्ही हात धुवायला गेलात तरी कशालाही हात लावणार नाही.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
आणि त्याच हातावर नऊ वर्षं आळ राहू दिलेली,

तुमची भाची
प्रियंका