म्हैस कोणाला, चिमणी कोणाला

मी, श्रीमती शेवंती गुणाजी मेस्त्री, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गिटारी बनवणे व दुरुस्त करणे, राहणार घाटकोपर पूर्व, आज मरोळच्या माझ्या गाळ्यात रंधा मारायच्या बाकावर कागद ठेवून हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांनी मृत्युपत्र लिहायचं नसतं. मला कोणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही. तरी कोणी एखादं काढून दाखवलंच, तर ते खोटं समजावं आणि त्या माणसाला चहा न देता घरी पाठवावं.

१. घर. घाटकोपरची राहती खोली माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती माझ्या पश्चात मुलगा निलेश व सून श्वेता यांना समान हिश्श्याने मिळावी. निलेशला एकट्याला नाही, दोघांना. श्वेताने माझ्यासारख्या बाईबरोबर एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली आणि अजून हसते, तेव्हा तिचा हक्क निलेशपेक्षा जास्तच आहे.

२. बँकेतली शिल्लक व माझ्या अंगावरचं थोडं सोनं नात निधी निलेश मेस्त्री हिला द्यावं. तिने त्याचं काय करायचं हे तिला कोणीही सांगू नये. मीसुद्धा सांगत नाही, आणि ते मला किती जड जातंय हे माझं मला माहीत.

३. माझे दीर राजेश भावोजी. माझ्या लग्नानंतर भर पंगतीत ते बोलले होते, "बाईमाणसाने रंधा धरायचा? घराण्याची वाट लागली म्हणायची!" ते मी विसरलेले नाही. त्यांना मी स्वतः घडवलेलं शिसवी लाटणं देत आहे. लाटणं एक नंबर आहे, जरासुद्धा डगमगत नाही. भावोजींनी रोज निदान दोन पोळ्या लाटाव्यात आणि वहिनींना बसवून वाढाव्यात.

४. गाळा व हत्यारं. गाळा, रंधे, पटाशा, कानशी, क्लँप, सगळं निलेशकडे जावं. माझे वडील धाकू पांचाळ गिरणीच्या सुतारखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी इथे कपाटं आणि देव्हारे करायला घेतले. एक दिवस ते जेवायला गेले असताना गोराईचा एक पोरगा मान तुटलेली इलेक्ट्रिक गिटार घेऊन आत शिरला आणि रडायचाच बाकी होता. मी ती सरस लावून, दाबून, दोरीने आवळून जोडून दिली. तो पोरगा म्हणजे विकी परेरा, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा. त्याने गावभर सांगितलं, दुसऱ्या आठवड्यात आणखी तिघं आले, आणि देव्हारे मागे पडले ते पडलेच.

लाकूड कसं निवडायचं ते बाबांनी शिकवलं. बोटाच्या पेराने ठोकायचं, कान लावायचा, आणि सुकेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. निलेशला लाकडाची घाई होते, म्हणून तो पिकअपचं काम करतो. पिकअप म्हणजे तारांखाली बसवतात ते लोहचुंबक, त्याच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळायची. ते काम माझ्याने होत नाही, त्याच्याने झकास होतं. निलेश, माझ्या पटाशीने रंगाचे डबे उघडलेस तर मी वर बसून बघणार आहे.

५. म्हैस आणि चिमणी. या दोन गिटारींमुळेच मला मृत्युपत्र करायची वेळ आली, नाहीतर वरची चार कलमं मी तोंडीच सांगितली असती.

विकीचं पहिल्यापासून एकच पालुपद. "शेवंती, गिटार जड पाहिजे. जड लाकूड म्हणजे लांब आवाज. हलकी गिटार म्हणजे थर्माकोल!" माझ्याकडून गिटार घेणारे सगळे त्याच्या नादाने आधी शेजारी रद्दीवाल्या धोंडिरामच्या काट्यावर ती टांगायचे आणि मग वाजवून बघायचे. जगात दुसरीकडे कुठे असं करत असतील असं मला वाटत नाही. एकदा तर या गृहस्थाने वडिलांच्या मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजनं गिटारच्या पोटात, वायरी असतात त्या खोबणीत, मेणाने चिकटवली. गणपतीचा कार्यक्रम, समोर हॅलोजनचे दिवे, मेण झालं पातळ आणि वजनं लागली खुळखुळायला. लोकांना वाटलं नवीन वाद्य आलं! दुसऱ्या दिवशी तोंड पाडून माझ्याकडे. मी हसून हसून बाकावर आडवी पडले होते.

म्हैस ही गिटार सागवानाची. सांताक्रूझला एक बंगला पाडला, त्याच्या तुळईची फळी बाबांनी आणली होती, त्यांनी निवडलेली ती शेवटची फळी. गिटार धोंडिरामच्या काट्यावर पाच किलो भरते. ती मी विकली नाही. विकी कार्यक्रमाला नेतो, परत आणतो आणि दर वेळी मागतो. गेली दोन वर्षं तो ती बसून वाजवतो. का म्हणून विचारलं तर म्हणतो, बसलं की बोटं मोकळी सुटतात.

निधी विकीकडेच शिकली आणि त्याच्याच ग्रुपमध्ये वाजवते. म्हणजे वाजवत होती. मागच्या वर्षी रिक्षा उलटून तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी बजावलं की खांद्यावर जड पट्टा आता विसरा. म्हणून मी तिच्यासाठी चिमणी केली. शिवणीचं लाकूड, आतून कोरून पोकळ केलेलं, वजन म्हैशीच्या निम्मं. विकीने ती एका हाताने उचलली आणि म्हणाला, "हे खेळणं आहे. माझ्या स्टेजवर खेळणं नाय चालणार. म्हैस घे, नाय तर घरी आराम कर." पोरीने गिटार पलंगाखाली सरकवली. आता जेवताना तिची बोटं ताटाच्या कडेवर वाजतात, तेवढंच काय ते वाजवणं. मला विकीचा असा राग आला की काय सांगू, आणि पोरीकडे बघून रडूही आलं.

माझं मत इथे लिहून ठेवते. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तारेत होतो, पिकअप तो पकडतो, ॲम्प्लिफायर मोठा करतो. लाकडाचं काहीच काम नाही असं मी म्हणणार नाही, मी सुतारीण आहे. लाकूड ओलं असेल, मान वाकत असेल, सांधा सैल असेल, तर सगळा सूर बोंबलतो. चांगल्या लाकडाची गिटार हातात बरी वाटते आणि सुरात टिकते. आवाजात उन्नीस-बीस फरक पडतही असेल. पण नुसतं वजन वाढवून मिळतो तो खांदेदुखीचा मलम लावायचा योग.

म्हणून एका रविवारी मी गाळ्यात दोरीवर चादर टांगली. निलेशने दोन्ही गिटारींना एकसारखे पिकअप, एकाच पाकिटातल्या तारा, एकाच उंचीवर लावून दिल्या. चादरीमागे निधी, दोन्ही गिटारी आळीपाळीने मांडीवर घेऊन वाजवत. इकडे विकी डोळे मिटून. मध्येच ताडकन उठला, "हीच! हीच म्हैस! ऐक कशी घुमते, शेवंती, तुला काय कळतंय गं!" मी चादर ओढली. निधीच्या मांडीवर चिमणी होती.

विकी काय म्हणाला? "तुम्ही तिघं घरचे, मी एकटा. वाजत होती म्हैसच, मागून वायर बदलली." आणि चालता झाला. निधीही मलाच म्हणते, "आज्जी, अंकलना चाळीस वर्षं झाली वाजवून. तू माझ्या प्रेमापोटी बोलतेस." आता आजीच्या प्रेमाचा असा तोटा होईल हे मला काय ठाऊक! ती विकीच्या तोंडून ऐकेल तरच पलंगाखाली वाकेल.

तेव्हा, चिमणी निधीची. ती आजच तिची, त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघायची गरज नाही.

६. म्हैस माझ्या पश्चात श्री. विकी परेरा, राहणार गोराई, यांना द्यावी. चाळीस वर्षं भांडला, पण पहिलं गिऱ्हाईक तोच, आणि गुणाजी गेले तेव्हा आमच्या दारात रात्रंदिवस बसून राहिलेला तोच.

मात्र वकीलबाईंनी सांगितलं आहे की ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. म्हणून मी दुसऱ्या साक्षीदाराची जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे. आज विकीला बोलावलं आहे. त्याला हे सगळं वाचून दाखवणार. कलम ५ मधली चादरीची हकिगत खरी आहे असं लिहून त्याने साक्षीदाराची सही केली, तर म्हैस त्याला मिळणार नाही, ती गाळ्यातच खुंटीला राहील. सही केली नाही, तर म्हैस त्याची, आणि कोऱ्या जागी वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई सही करतील. त्यांना मी चहाला बसवूनच ठेवलं आहे, कारण विकी म्हैस सोडेल असं मला वाटत नाही.

वरील सर्व माझ्या इच्छेप्रमाणे आहे. वाचून पाहिलं, दोन ठिकाणी खोडलं, तिथे सही केली.

ठिकाण : मरोळ, अंधेरी पूर्व
दिनांक : १२ जानेवारी २०२५

(सही) शेवंती गुणाजी मेस्त्री

साक्षीदार १ : धोंडिराम सोनवणे, रद्दीचा व्यापार, मरोळ. बाईंनी माझ्यासमोर सही केली. दोन्ही गिटारींची वजनं माझ्याच काट्यावर केली आहेत. काटा बरोबर आहे.

साक्षीदार २ : विकी परेरा, गोराई. शेवंतीने माझ्यासमोर सही केली. चादरीचं लिहिलंय ते खरं आहे. वायर कोणी बदलली नव्हती, मला तेव्हाच माहीत होतं. मी चिमणीलाच म्हैस म्हणालो. शिंपीणबाईंनी चहा पिऊन घरी जावं. निधी, रविवारी प्रॅक्टिसला चिमणी घेऊन ये. म्हैस आता माझ्याच्यानेपण उचलत नाय.